मी तारीख दिलेला भूकंप

“शुक्रवारी मोठा भूकंप. सरकारला तारीख माहीत आहे, लपवतात.” हा मेसेज माझ्याच फोनवर आला, तोही सख्ख्या नणंदेकडून.

हिंगोलीत तेव्हा जमिनीला अधूनमधून हादरे बसत होते. मी प्रशासनाच्या प्रेसनोटा लिहायचे, म्हणजे सरकारचं म्हणणं वर्तमानपत्रांना कळवायचं. आता नातवंडं सांभाळते. तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचे. लगेच खुलासा काढला: “भूकंपाचे भाकीत करता येत नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.” वाचून मीच खूश.

लोक म्हणाले, “म्हंजे होनार न्हाई, असंबी सरकार सांगत न्हाई!”

बुधवारी कलेक्टर साहेबांनी बोलावलं. “मॅडम, साखरा गावात काही लोक शेतात राहायला गेलेत. एक बाळंतीण ताडपत्रीखाली आहे, बाळाला सर्दी झालीय. डॉक्टर घरात न्या म्हणतात, घरचे ऐकत नाहीत. तुम्ही जा.”

गेले. थंडीचे दिवस. बाळ कुंचीत गुंडाळलेलं, नाक वाजत होतं. शेजारी त्याची पणजी, गयाबाई, राखणीला.

“मावशी, शुक्रवार कुणी सांगितला?”

“तुमीच की!”

तिनं नातवाच्या मोबाइलवर दाखवलं. माझीच आधीची प्रेसनोट. आमच्याकडे घरावरचे पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात. हादऱ्यानं ते अंगावर पडतील, म्हणून मी लिहिलं होतं: “पत्र्यावरील दगड शुक्रवारपर्यंत काढून घ्यावेत.”

“शुक्रवारपर्यंतच काहून? त्या दिशी काई होनार असल्याबिगर?”

खरं ते सांगितलं. “मावशी, आमच्या ऑफिसात मुदत टाकल्याशिवाय कुणी काम करत नाही. सवयीनं टाकली. शुक्रवार माझ्या मनाचा.”

गयाबाई खो खो हसली. “म्हंजे जमीन न्हाई, हापिसच हालून राहिलं व्हय! मंग चढा वर, काढा दगड. तवा लेकराला आत नेऊ.”

मी पदर खोचला, शिडी चढले. एकेक दगड खाली दिला. माणसांनी पत्रे तारेनं बांधले. उतरताना मात्र खाली बघितलं आणि पाय हलेनात. जो तो मोबाइल काढून शूटिंग करून राहिला.

गयाबाई खालून ओरडली, “बाई, उतरायची मुदत कवा हाय?”

संध्याकाळी बाळ घरात झोपलं.

तो व्हिडिओ पार आखाडा बाळापूरपर्यंत गेला. माझा एकही खुलासा कधी तेवढा फिरला नव्हता. लोक हसत हसत घरी परतले, आत जाण्याआधी पत्र्यांवरचे दगडही उतरवले.

साहेबांचा फोन आला. “मॅडम, व्हिडिओबद्दल खुलासा काढायचा का?”

“नको साहेब. तो खरा आहे.”

शुक्रवारी काहीच हललं नाही. बाळाचं नाक मोकळं झाल्याचा निरोप तेवढा आला.

अफवा कुठून निघाली हे शोधायचं असेल, तर आधी आपणच काय लिहून पाठवलंय ते वाचावं. नंतर वाटल्यास लोकांना अडाणी म्हणावं.