अप्पांच्या तोडीतली थांबायची जागा

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, बंदिशी पुष्कळ बांधल्या. पण लोक गातात ती एकच, तोडी रागातली, आणि तीही चुकीची. हे मी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून सांगतेय, कुणी ऐकेल तर शपथ!

माजलगावच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्यावर अप्पा पाली गावात येऊन राहिले. शिष्य म्हणजे मी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या दोन पोरी आणि एक मेंढपाळ. लिहून घ्यायचं नाही, हा अप्पांचा दंडक. ते गातील ते ऐकायचं आणि हुबेहूब गळ्यात उतरवायचं.

तोडीची बंदिश त्यांनी मला ते धडधाकट असताना शिकवली. अंतऱ्याची दुसरी ओळ खालून उठायची, चढत जायची आणि कुठंही न तुटता थेट समेवर यायची. त्या एका दमातच तिची सगळी ऐट होती.

मग त्यांना फुप्फुसांच्या आजारानं गाठलं. नाकात ऑक्सिजनची नळी, उशाशी घरघरणारं यंत्र, तरी शिकवणी चालूच. बाकीच्या तिघांना ती बंदिश त्या दिवसांत मिळाली. ओळ चढता चढता अप्पांचा दम संपायचा. ते थांबायचे, हवा ओढून घ्यायचे, मग पुढं जायचे. समोरचेही तिथंच थांबायचे, अगदी तेवढंच. अप्पा हातानं ‘थांबू नका’ म्हणायचे, पुन्हा गाऊन दाखवायचे आणि पुन्हा तिथंच अडकायचे. मी सलग गाऊन दाखवली, पण गुरू समोर असताना माझं कोण घेतो! एके दिवशी अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बघवलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

अप्पा गेले. पोरींनी बंदिश उसाच्या फडावर नेली, मेंढपाळानं भजनी मंडळाला शिकवली. सगळे तिथं थांबतात.

यंदा पुण्यतिथीला जमलेले सगळे परत तिथंच थांबले आणि माझा पारा चढलाच. मेंढपाळाला म्हटलं, “तिथं थांबायचं नाही रे, अप्पांना धाप लागायची!”

“आसंल ताई. पर त्यांनी दिलं तसंच हाय आमच्याकडं. आमी कावून बदलायचं?”

म्हटलं, आज मीच गाते. तानपुरा घेतला, सगळे माझ्यामागं गाऊ लागले. दुसरी ओळ आली आणि मी न थांबता पुढं निघाले. बाकीचे सगळे नेहमीच्या जागी एकदम गप्प झाले. त्या शांततेत अप्पा हवा ओढताहेत असं इतकं स्पष्ट वाटलं, की माझा पुढचा स्वर लागेना. मीही थांबले. मग सगळे मिळून समेवर आलो.

अप्पांनी बांधलेली ती सलग ओळ आता माझ्या एकटीच्या गळ्यात आहे. मी ती परत गायले नाही.