बादलीला लागलेली थंडी

आमच्या घरातली ऊब कमी-जास्त करणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर माझी एकट्याची सत्ता. ओहायोतल्या डब्लिनमध्ये जानेवारीत दार उघडलं की नाक गोठतं, तरी घर गारच ठेवायचं हा माझा खाक्या. उबेत मला झोप येत नाही. नागपूरहून आलेल्या आईला मी पहिल्याच दिवशी स्वेटर आणि लोकरीचे मोजे आणून दिले, वर इथे असंच राहायचं असतं म्हणून शहाणपण शिकवलं. ती बिचारी शाल पांघरून सोफ्याच्या कोपऱ्यात बसायची. एकदाच तिने विचारलं, थोडं वाढवतोस का? हवा कोरडी होते, घसा धरतो, असं काहीतरी सांगून मी विषय उडवून लावला.

त्याच दिवसांत सोफ्यामागच्या कोपऱ्यात मी घरीच बिअर करायला लावली होती. झाकणाची मोठी बादली, झाकणावर पाणी भरलेली छोटी नळी. आतलं यीस्ट साखर खायला लागलं की त्या नळीतून बुडबुडे येतात. सुरुवातीला जोरात आले, मग एकदम बंद. मी हवालदिल. झाकण नीट बसलंय का पाहिलं, साखर किती उरली ते तपासलं. भरपूर उरली होती. घरी बिअर करणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर विचारलं, तर एकाने लिहिलं की थंडीने यीस्ट झोपलंय, खोली गरम कर. मी बादलीला हात लावला. गार लागली. तडक जाऊन थर्मोस्टॅट चांगला वर केला.

सकाळी बुडबुडे पुन्हा सुरू झाले, आणि आई शालीशिवाय दिसली. चहा करताना गुणगुणत होती. व्हिडिओ कॉलवर मावशीला म्हणाली, "अगं, माझ्यासाठी त्याने सगळं घर गरम करून ठेवलंय." मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. कान तापले होते. खरं सांगायचं सोडाच, मावशीने कौतुक केलं तेव्हा मी चक्क हसलो.

बिअर बाटल्यांत भरून झाली त्या संध्याकाळी मी सवयीने थर्मोस्टॅट खाली आणला. आईचा विचारही मनात आला नाही. थोड्या वेळाने ती स्वेटर चढवून बाहेर आली.

"झालं का रे तुझ्या बिअरचं?"

"झालं. का गं?"

"काही नाही. त्या दिवशी तू बादलीला हात लावलास आणि बटण दाबायला धावलास, तेव्हा मी इथेच बसले होते."

 मग मावशीला तसं का सांगितलंस, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"मग काय सांगू तिला? बादलीला थंडी वाजत होती म्हणून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. मी उठून थर्मोस्टॅट वर केला, आणि तिच्याकडे वळून बघायची हिंमत होईना म्हणून तिथेच भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.