न बसणाऱ्यांसाठी

"सर्व पाहुण्यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येत आहे की, या पार्कच्या हद्दीत कोणालाही, कोठेही आणि कितीही वेळ बसण्यास व्यवस्थापनाची पूर्ण व बिनशर्त परवानगी आहे. तरी सर्वांनी कृपया ताबडतोब बसून घ्यावे. धन्यवाद."

ही घोषणा मी केली. एका बुधवारी, बाराला दहा कमी असताना, पार्कातल्या सगळ्या स्पीकरवरून. या नोकरीत मी माइकवरून हरवलेले नवरे पुकारले आहेत. कृत्रिम लाटांच्या टाइडल पूलच्या तळाशी सापडलेली कवळी तिच्या वर्णनासह जाहीर केली आहे. पण पाहुण्यांना 'बसा हो' म्हणून गयावया करण्याची ही पहिलीच वेळ.

आणि गंमत म्हणजे घोषणा संपल्यावर एकही माणूस बसला नाही.

आता नीट सांगते. आमचा अम्यूझमेंट पार्क बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना लागतो. मी तिथे गेस्ट रिलेशन्स बघते. म्हणजे पाहुण्यांचं काहीही झालं तरी पहिल्यांदा माझं नाव निघतं. आमचे मालक मूळचे उल्हासनगर कॅम्प तीनचे. तिथे त्यांचा जीन्सचा कारखाना आहे. सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही शेठच म्हणते. वय अडुसष्ट. मनाने उदार, पण प्रत्येक चौरस फुटाकडे कापडाच्या ताग्यासारखं बघतात. कुठे वाया जातंय का?

त्यांच्या मते आमच्या जहाजासमोरची जागा वाया जात होती. जहाज म्हणजे ती मोठी नाव, जी मागे-पुढे झुलत झुलत आभाळाला भिडते आणि आतल्या लोकांचं सकाळचं खाणं आठवणीत आणते. तिच्यासमोर करंजाची पाच झाडं आहेत. सावलीत चौदा बेंच आहेत. शेठना ते बेंच काढून तिथे टॉवर उभा करायचा होता. माणसांना सरळ वर न्यायचं आणि धाडकन खाली सोडायचं.

"बेंच काय कमवत नाय, सुषमाजी," ते म्हणायचे. "टॉवर कमवतो."

अशात एक दिवस हेंद्रेपाड्याहून गुरवकाका माझ्या ऑफिसात आले. उभी हयात कोर्टात कारकुनी केलेले गृहस्थ. तिथल्या चाळीस ज्येष्ठांच्या कट्ट्याचे ते अघोषित सचिव. त्यांनी सुवाच्य अक्षरातला अर्ज माझ्यासमोर ठेवला. विषय होता, 'जहाज वगैरेंमध्ये न बसता पार्कचा आनंद घेणेबाबत.'

मी तर खूशच झाले. आमच्या धंद्यात अशा माणसाला नॉन-रायडर म्हणतात. राइडवर न जाणारा. प्रत्येक कुटुंबात एक असतोच. दोन्ही खांद्यांवर पर्स, हातात चार चष्मे, आणि चेहरा लग्नात आहेराची पिशवी सांभाळणाऱ्या मावशीसारखा. पण हे चाळीस जण स्वखुशीने नॉन-रायडर व्हायला येत होते.

"काका, मग दिवसभर करणार काय?" मी विचारलं.

"बघणार," ते म्हणाले. "दुसऱ्याला घाबरताना बघण्याची मजा स्वतः घाबरण्यात नाही. शिवाय इथल्या तळ्यावरचा वारा आहे, तुमच्याकडे मिसळ बरी मिळते असं ऐकून आहे, आणि घरी सगळे कामावर गेलेले. तुम्ही फक्त आम्हाला जबरदस्तीने कशात चढवू नका."

शेठना पटलं नाही. "बसायचं तर बागेत बसा ना. पार्कमध्ये कशाला?"

"शेठ, बुधवारी आपल्याकडे असतं कोण? एक बुधवार द्या मला."

त्यांनी विचार केला. "ठीक. बुधवारी बारा वाजता मी येतो. बेंच भरलेले दिसले, तर बेंच राहणार आणि तुमचे काका दर बुधवारी येणार. रिकामे दिसले, तर गुरुवारी वेल्डर येणार. मंजूर?"

मंजूर. चाळीस ज्येष्ठ नागरिक, चौदा बेंच, भर सावली. यात हरण्यासारखं होतंच काय? मी तर ही पैज गुरवकाकांना सांगितलीसुद्धा नाही. म्हटलं, उगाच परीक्षेला बसल्यासारखं वाटेल. निवांत बसू देत.

आता माझं कर्तृत्व ऐका. राइडवाल्यांना आम्ही मनगटाला लाल कागदी बँड बांधतो. नॉन-रायडरसाठी मी पिवळा काढला. त्यावर आणि करंजांखालच्या पाटीवर मराठीत काय लिहायचं? अंबरनाथला घरी जाताना, शेअर रिक्षात, चौथ्या सीटवर, एका पायावर तोल सांभाळताना मला ते सुचलं आणि मी फोनवरून प्रिंटरला सांगूनही टाकलं. पाळण्यात काय करतो आपण? बसतो. जहाजात? बसतो. मग नॉन-रायडर म्हणजे कोण?

'न बसणारे.'

पाटीवर लिहिलं, 'पिवळा बँड – फक्त न बसणाऱ्यांसाठी.' मला ते इतकं आवडलं की घरी पोचेपर्यंत मी चारदा मनात म्हणून पाहिलं.

बुधवारी दहाला मंडळी आली. मी गेटवर फुलं दिली, पिवळे बँड बांधले. तेवढ्यात टाइडल पूलचा पंप बंद पडला म्हणून मला तिकडे धावावं लागलं. दीड तासाने, म्हणजे साडेअकराला, मी कपाळ पुसत करंजांखाली आले.

चौदाच्या चौदा बेंच रिकामे.

मंडळी होती. सगळी तिथेच होती. पण उभी. काही झाडाला पाठ लावून, काही रेलिंगला कोपर टेकून, काही एकमेकांच्या आधाराने. मिसळसुद्धा उभ्याने चालली होती. सात-आठ जण गवतावर चक्क आडवे पडले होते. बसलेला मात्र एकही नाही.

भोईरआजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. वय पंचाहत्तर. उजवा गुडघा सुजलेला. कपाळावर घामाचे थेंब. मी धावतच त्यांच्यापाशी गेले.

"आजी, उभ्या का? बसा ना!"

"कशी बसू?" त्यांनी मनगट माझ्या नाकासमोर धरलं. "ह्यो पट्टा बांदलास ना तू?"

मी बँड वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

झालं होतं असं. आल्या आल्या आजी टेकायला निघाल्या, ते छोट्या ट्रेनजवळच्या बेंचवर. ट्रेन चालवणाऱ्या दिनेशला वाटलं, आजी ट्रेनमध्ये बसायला येतायत. तो बिचारा नियमाने म्हणाला, "पिवळा बँड? नाही बसायचं." मग गुरवकाकांनी पाटीसमोर उभं राहून बैठक घेतली. बैठक म्हणजे, उभ्यानेच. निकाल असा लागला की, पार्कने अट घालून प्रवेश दिला आहे आणि आपण ती मनगटावर बांधून घेतली आहे. बसायचं नाही.

"उकिडवं चालेल का, असा मुद्दा निघाला होता," गुरवकाका मला समजावू लागले. "पण त्यालाही उकिडवं बसणंच म्हणतात. फेटाळला. टेकणं म्हणजे बसणं नव्हे, ते चालेल. आडवं पडण्यास पाटीवर मनाई नाही."

"अहो काका, पण विचारायचं ना मला!"

"तुम्ही पंपात होतात."

"आनि आमी रोपनीला दिस-दिस चिखलात उबं ऱ्हायलाव," आजी म्हणाल्या. "दोन तासांनी काय मरतंय कोन! पोरीनं बोलवलाय, तिचा नाव खराब कराचा नाय."

हे ऐकून मला रडू की हसू कळेना. ठरवायला वेळही मिळाला नाही. ठरल्या वेळेआधीच गेटमधून शेठची गाडी आत येत होती.

शेठ उतरले. रिकाम्या बेंचकडे पाहिलं. मग माणसांकडे पाहिलं.

"ये क्या है? मोर्चा?"

"शेठ, जरा गैरसमज..."

"अर्धे उभे, अर्धे झोपलेले. बेंचवर एक पण नाय." त्यांनी फोन काढला. "वेल्डरला सांगतो, उद्या सकाळी ये."

मी पळत अनाउन्समेंटच्या खोलीत गेले. वर दिलेली घोषणा तेव्हाची. खिडकीतून बाहेर बघितलं. चाळीस माना स्पीकरकडे वळल्या. मग त्या गुरवकाकांकडे वळल्या. गुरवकाकांनी मान हलवली. नाही.

"देखा?" बाहेरून शेठचा आवाज आला. "बसा बोलले तरी बसत नाय!"

गुरवकाका खिडकीपाशी आले. शांतपणे म्हणाले, "ताई, तोंडी आदेशाने लेखी अट रद्द होत नाही. उद्या तुमचाच माणूस म्हणेल, पट्टा दाखवा."

"मग काय करू, काका?"

"दुरुस्ती करा. आणि दुरुस्तीपाशी सही."

मी मार्कर घेतला, पाटीसमोर गेले आणि 'न' वर काट मारली. बाजूला सही केली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "'पिवळा बँड – फक्त बसणाऱ्यांसाठी.' ठीक आहे. पट्ट्यांनाही हीच दुरुस्ती लागू. मंडळी, बसा!"

चाळीस माणसं एकदम बसली. त्या बसण्यातून एक असा सामुदायिक 'आई गं' उमटला की जहाजाच्या ऑपरेटरने ब्रेक तपासला.

पण शेठ कुठे ऐकतात? "आता तुम्ही बसवले म्हणून बसले. हे मी नाय धरणार. यांच्या बसण्याने कमाई कुठे? जहाज बघा, तिकडे. उभं आहे."

खरंच उभं होतं. जहाज तीन-चार माणसांसाठी सोडत नाहीत. दोन्ही टोकांना सारखं वजन लागतं, त्याला आम्ही लोड म्हणतो. आमच्याकडे निदान बारा जणांचा लोड लागतो. बुधवारी बारा जण जमता जमत नाहीत. त्या वेळी सहा तयार होते. बाकीचे बॅगा, चपला आणि मुलं सांभाळत कडेला घुटमळत होते. त्यांतच एक तरुण जोडपं होतं, कडेवर बाळ. बायको म्हणत होती तू जा, नवरा म्हणत होता तू जा.

भोईरआजी बेंचवरून ओरडल्या, "ए पोरी, दे हिकडं त्याला! जावा दोगं. मी हाय ना बसलेली!"

ती बिचकली. मग आजींच्या मांडीकडे पाहिलं आणि बाळ दिलं. तिचं बघून दुसरीने पर्स दिली. तिसऱ्याने चष्मा दिला. गुरवकाकांनी लगेच खिशातून कागद काढून कोणाचं काय, याची यादी केली. बेंचखाली चपलांच्या जोड्या ओळीने लागल्या. पाचव्या मिनिटाला जहाजात चौदा माणसं होती.

जहाज सुटलं आणि बेंचवर खरा कार्यक्रम सुरू झाला.

"तो चेकचा शर्ट बघा, आत्ता हसतोय. तिसऱ्या झोक्याला देव आठवणार."

"दुसऱ्यालाच! बघा, डोळे मिटले!"

"ए बाबू, बघ तुजी आयस कशी बोंबलतेय!" आजी बाळाला वर उचलून दाखवत होत्या. बाळ खदखदून हसत होतं. वरचे किंचाळत होते, खालचे टाळ्या वाजवत होते. उतरलेले लोक चष्मे घ्यायला आले की त्यांना पाणी मिळत होतं, आणि कोण किती घाबरलं याचा निकालही.

जहाज पुन्हा भरलं. मग पुन्हा. शेठ रेलिंगला धरून बघत होते. ऑपरेटर त्यांना म्हणाला, "शेठ, रविवारसारखं चाललंय." त्यांचा फोन परत खिशात गेला, एवढं मी पाहिलं.

पुढचं थोडक्यात. वेल्डर आला नाही. टॉवर मागच्या मोकळ्या जागेत होणार आहे, आणि त्याच्यासमोरही बेंच टाकायचं शेठनी स्वतःच सांगितलंय. बुधवारचा कट्टा चालू आहे. पाटीवर आता 'बघणाऱ्यांसाठी' असं आहे. छापण्याआधी मी ती गुरवकाकांकडून तपासून घेतली. यातून मी शिकले ते एवढंच. पाटी लिहायची तर स्वतः नीट बसून लिहावी. रिक्षाच्या चौथ्या सीटवर लोंबकळत दुसऱ्यांच्या बसण्याचे नियम करू नयेत.

पण त्या दिवशीचा शेवट राहिला. तिसऱ्या फेरीनंतर शेठचे पाय भरून आले. ते हळूच भोईरआजींच्या बेंचच्या टोकाला टेकले. आजींनी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि सहज विचारलं, "शेट, तुमी कंदी बसलाव त्या जहाजात?"

शेठनी इकडे-तिकडे पाहिलं. सगळा स्टाफ ऐकत होता. "मी?" ते म्हणाले. "अरे मावशी, मला तर नुसतं वर बघून चक्कर येते. ओपनिंगला नारळ फोडला आणि खालूनच हात हलवला."

मग आजी माझ्याकडे वळून मोठ्यांदा म्हणाल्या,

"अगो, मंग ह्याला पन पिवला पट्टा बांद की!"