मागच्या सीटचं वजन

शहागंजातले आमचे मिस्त्री गाडीच्या मालकाला फारसं काही विचारत नसत. चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडत आणि बोलायचं ते प्लगांशीच बोलत. बाबांच्या जुन्या गाडीचे प्लग काजळीनं भरलेले पाहून ते प्लगांना म्हणाले, "अंगणातच घुरघुरता, रस्ता बघत नाय. व्हय का नाय?"

खरंच होतं. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी गाडी पाच मिनिटं चालू ठेवत आणि बंद करून घरात जाऊन बसत. वर्षभर ते फाटकाबाहेर पडले नव्हते. मी हे सांगितलं, तरी मिस्त्री प्लग घासतच राहिले.

दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या ठिणगीचं टायमिंग लावायला ते घरीच आले. बाबांना म्हणाले, "चढावर इंजिन टकटक करतं का, ते रिकाम्या गाडीत कळत नाय. मागं वजन पायजे. बसा, साहेब."

बाबा नाइलाजानं मागं बसले, मी पुढं. दौलताबादच्या घाटात मिस्त्रींनी दोनदा गाडी थांबवून प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला आणि पुन्हा चढ घेतला. तिसऱ्या खेपेला मागून बाबांचाच आवाज आला, "आता नाही वाजत."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः गाडी बाहेर काढली.

बऱ्याच दिवसांनी मी गॅरेजात गेलो, तेव्हा मिस्त्री कुणाची तरी गाडी घाटात न्यायला निघाले होते. मागच्या सीटवर वाळूची दोन पोती होती. मी पोत्यांकडे बघतोय हे दिसताच त्यांनी घाईनं दार लावून घेतलं.

"वजन पायजे ना," ते म्हणाले.