‘पोटाचा विकार’ म्हणजे काय होते

तुमचे आजोबा पोटाच्या विकाराने गेले, असे तुम्हाला सांगितले आहे. ते मी ठरवून सांगितले होते.

नव्वदच्या दशकात त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. माझ्या नणंदबाईंनी दारातच निदान केले. “मूळव्याध हाय की! दुसरं काय असतंय? वैनी, तांबडा रस्सा बंद, सुरण घाला.”

“रस्सा सोडून जगायचं कशाला गं?” असे म्हणत आजोबांनी तो सोडला. वर्षभर मी सुरण उकडले, पथ्य वहीत नीट लिहिले. इंग्रजीत शिकलेली मी; पण गुदद्वाराची तपासणी हे शब्द घरात उच्चारायची लाज वाटे. सर्जनकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. गाठ काढली आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावली. वास येईल म्हणून ते खिडकीपाशी एकटे जेवत. दीड वर्षात गेले. मुले शिकायला बाहेरगावी होती. त्यांनाही मी पोटाचा विकार एवढेच कळवले.

पंचवीस वर्षांनी कळंब्याला तुमच्या मामाकडे गेले, तर ओट्यावर सुरण.

“मूळव्याध आहे, आई. आठ महिने झाले.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“दाखवलं की. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का, विचारलं. नाही म्हणालो.”

मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. तो म्हणाला, “मला तरी सांगायचंस.”

दुर्बिणीच्या तपासणीत गाठ दिसली. आधी किरणोपचार आणि गोळ्या, मग लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया. पिशवी काही महिन्यांपुरतीच. नंतर आतडे पुन्हा जोडले. आजोबांच्या वेळी यातले काही आम्हाला मिळाले नव्हते. पण यकृतावरही डाग निघाला. नवे औषध सलाईनमधून चालू आहे. त्याची बोटे बधिर झालीत, शर्टाची बटणे मामी लावते. आधी आला असता तर बरे झाले असते, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

हा दोष घराण्यातून उतरतो का, हे आता रक्तावरून तपासता येते. त्याचे रक्त मुंबईला पाठवले आहे. तुमच्या आईला मी काल फोनवर सांगितले. तिने विचारले, “अजून काय काय लपवलंयस?”

काही नाही. तिला तपासणीला न्या. आणि तुमच्या डॉक्टरांनी घरचे आजार विचारले, तर स्पष्ट सांगा: आजोबा आणि मामा, दोघांनाही मोठ्या आतड्याचा कर्करोग.