काचेवरचं हिरवं

मार्च उलटला की आमच्याकडे घरोघरी कुलर खाली उतरतात. आज सकाळी मी माझा उतरवला, मागची जाळी काढली, आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या गवताचा, गंजाचा आणि तळाशी चिकटून राहिलेल्या शेवाळाचा तो ओळखीचा वास आला. टाकी घासून धुतली, नवं गवत भरलं. जाळी बांधायला सुतळी हवी म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने सवयीने विचारलं, "मोरचूद देऊ का मॅडम? टाकीत टाकलं का शेवाळ धरत नाही." समोर काचेच्या बरणीत ते निळे खडे होते, कुणालाही हातात घ्यावेसे वाटतील इतके देखणे. मी 'नको' म्हणाले. जरा जास्तच जोरात म्हणाले असेन, कारण तो चपापून माझ्याकडे बघायला लागला. त्याला काय सांगणार, की चिमूटभर मोरचुदाने मी एकदा एक आख्खा समुद्र नासवला आहे, आणि तोही वणीत!

वणीत समुद्र कुठून आला, असं तुम्ही विचाराल. तो माझ्या शेजारच्या घरात होता, पुढच्या खोलीत, तीन फुटी काचेच्या टाकीत. मी तेव्हा वणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि भाड्याच्या दोन खोल्यांत एकटीच राहत होते. शेजारी काकाजी राहायचे. जमिनीखालच्या कोळसा खाणीत पंप चालवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. भिंतींतून पाझरणारं काळं पाणी अखंड वर उपसत राहायचं, कारण पंप थांबला तर खाली उतरलेल्या माणसांचं काही खरं नसे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते एलटीसीची प्रवाससवलत घेऊन काकूंबरोबर कोकणात गेले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. हा प्रसंग त्यांनी मला किती वेळा सांगितला असेल, देव जाणे. दर वेळी शेवट मात्र तोच, आणि हसूही तेच. "मॅडम, मी हिले म्हटलं, पाहाय, येवढं पानी, अन् उपसाची कोनाचीच ड्यूटी नाही!"

काकू गेल्या आणि घर सुनं झालं, तेव्हा त्यांनी नागपूरहून ही टाकी आणली. लोक त्यांना हसले. गोड्या पाण्यातले मासे काय कमी होते का, की खाऱ्या पाण्याचे पाळायला निघाले? पण काकाजी हट्टाला पेटलेले. बोअरचं जड पाणी त्या माशांना चालत नाही, म्हणून ते कॅनचं शुद्ध पाणी विकत घ्यायचे, पिशवीतून येणारं समुद्री मीठ त्यात कालवायचे आणि एका तरंगत्या काचनळीने खारटपणा मोजायचे. उन्हाने टाकीतलं पाणी आटलं की वरून भर मात्र बिनमिठाच्या पाण्याची घालायची, कारण पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. हे मी वर्गात शिकवत होते, आणि ते निगुतीने पाळत होते. वैशाखात कुलरचं तोंड टाकीकडे असायचं आणि काकाजी बाजूला बसून पंचाने घाम पुसायचे. "त्याईले गरमी सहन होत नाही," असं म्हणायचे, जणू वणीच्या उन्हाचं आणि त्यांचं सख्ख्या भावाचं नातं होतं.

त्या टाकीत एकच मासा होता, नारिंगी अंगाचा, त्यावर पांढरे पट्टे. बाकी सच्छिद्र दगड, आणि शंखात राहणाऱ्या नऊ समुद्री गोगलगायी. दिवसभर त्या दगडांच्या सावलीला पडून असायच्या आणि दिवा मालवला की काचेवर चढून शेवाळ खायच्या. सकाळी काचेवर त्यांच्या वाटांचे स्वच्छ पट्टे उमटलेले असत. काकाजी त्यांना 'नाईट शिफ्टच्या बाया' म्हणायचे आणि रोज सकाळी हजेरी घ्यायचे. त्यांनी चाटूनपुसून उरवलेलं हिरवं काकाजी स्वतः घासायचे, खाणीतल्या आपल्या जुन्या, मुदत संपलेल्या ओळखपत्राने. ते प्लास्टिकचं कार्ड, त्याच्या कोपऱ्यात ऐन उमेदीतल्या काकाजींचा फोटो, आणि ते धरलेला म्हातारा हात, हे सगळं एकाच वेळी काचेआड दिसायचं. मला ते बघायला फार आवडे. माझं माहेर राळेगावकडचं, शेताबांधांचं. समुद्राशी माझा संबंध नकाशापुरता. शाळा सुटल्यावर चहाच्या निमित्ताने मी तिथे जाऊन बसायचे आणि तास कसा गेला ते कळायचं नाही.

एका रविवारी दुपारी मी गेले तर माशाच्या अंगावर पांढरे दाणे उठलेले. रव्याएवढे, पाठीवर, परांवर, दोन हातांवरूनही सहज दिसणारे. मासा दगडाला अंग घासत होता. मी घाबरून काकाजींकडे पाहिलं, तर ते काचेला नाक लावून म्हणाले, "मस्त हाय ना आपला गडी? फक्त हे शेवाय लय झालं. दिसूच देत नाही." आणि ते काच घासू लागले. मी जवळ गेले. ते जिथे घासत होते तिथे शेवाळ नव्हतंच. काच लखलखीत होती.

 मग एकेक गोष्ट आठवायला लागली. चहा कपाच्या काठावरून बशीत सांडायचा. उंबऱ्यावर पाय अडखळायचा. मी डावीकडून आत आले तर आवाज दिल्याशिवाय त्यांना कळायचं नाही. एवढ्यात हजेरी घेतानाही ते हात पाण्यात घालून चाचपत मोजायचे. मला ही सगळी म्हातारपणाची लक्षणं वाटली होती. माझ्या मामांची नजर अशीच कडांकडून गेली होती. डोळ्यांतला दाब वाढत होता, दुखत काही नव्हतं, म्हणून ते थांबले, आणि गेलेली नजर परत आली नाही. एकेक महिना मोलाचा असतो हे मला माहीत होतं. "काकाजी, काच स्वच्छ आहे," एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. ते मला बोलता आलं नाही. ज्या माणसाने जन्मभर अंधारात काम केलं, त्याला पुन्हा अंधाराची बातमी मी कोणत्या तोंडाने द्यायची?

म्हणून मी एक पळवाट काढली. दगडांवर, कोपऱ्यांत जे थोडंफार शेवाळ होतं तेही राहिलं नाही, तर त्यांना दोष द्यायला काही उरणार नाही, आणि मग ते आपणहून डॉक्टरकडे जातील, असा माझा हिशोब. घरी येऊन नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला आणि माशाची अवस्था सांगितली. तो म्हणाला, "पांढरे दाणे ना? त्यावर तांब्याचं औषध लागतं, पण..." मी पुढचं ऐकून घेतलंच नाही. तांबं म्हणजे मोरचूद! आमच्या शेतातल्या विहिरीत बाबा दर वर्षी मोरचूद टाकायचे आणि आठवड्यात पाणी आरशासारखं व्हायचं. शेवाळही जाईल आणि रोगही. विज्ञानाची शिक्षिका ना मी! सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेतून नखावर मावेल एवढं आणलं, विरघळवलं, आणि काकाजी पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले असताना टाकीत ओतलं.

तो 'पण' काय होता ते दुसऱ्या दिवशी कळलं. मासा तळाशी धापा टाकत होता. औषधाचं टिपूस माशाला सोसतं, गोगलगायींना ते जहर असतं, म्हणून आजारी मासा वेगळ्या टबात काढूनच ते द्यायचं असतं. सकाळी सवयीप्रमाणे काकाजींनी हजेरीला पाण्यात हात घातला. मी दारात उभी होते. त्यांनी एक शंख उचलला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे तळाशी उपडे पडलेले. एकेक करत शेवटचा नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "मॅडम, नऊच्या नऊ गेल्या. काय झालं असन?"

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. मोरचूद, फोन, विहीर, सगळं. आणि त्या भरात ते एक वाक्यही निघून गेलं, की काच स्वच्छ होती काकाजी, कितीतरी दिवसांपासून स्वच्छच आहे.

 त्यांच्या ओल्या हातात शंख तसाच होता. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतील, आणि काढायलाच हवं होतं. पण ते हळूच म्हणाले, "मले मालूम होतं. बोट फिरवलं का काच गुळगुळीतच लागे. पन घासून राह्यलो होतो तवर दोष काचेचा होता, डोयाचा नाही." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "तुमी मले सांगाले भेल्या, अन् मी स्वतःले. बिचाऱ्या बाया फुकट गेल्या. चाला, आधी पानी बदला. वास सुटन."

आम्ही दोघांनी मिळून पाणी बदललं. चार दिवसांनी मी त्यांना घेऊन बसने नागपूरला गेले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, पण औषध नियमाने घातलं तर उरलेलं राहील. उजव्या डोळ्यात बरंच उरलं होतं. मासा, नवल म्हणजे, वाचला. अंगावरचे दाणे झडून गेले आणि तो पुन्हा दगडांत हुंदडायला लागला. तांबं मात्र दगडांत मुरून बसलं. त्या टाकीत पुन्हा कधी गोगलगाय जगली नाही. दगड बदला, असं दुकानदार म्हणाला होता, काकाजींनी ते बदलले नाहीत. तेव्हापासून काच हाताने घासायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी औषधाचे थेंब घालून झाले की ते विचारायचे, "काच कशी हाय?" आणि मी खरं तेच सांगायचं, हा आमच्यातला न बोललेला करार होता. कधी "हिरवी आहे" म्हणायचे, कधी "स्वच्छ आहे." स्वच्छ आहे म्हटलं की ते नुसती मान हलवायचे.

माझी बदली यवतमाळला झाली, आणि पुढे काकाजीही गेले. शेवटपर्यंत त्यांना तो नारिंगी मासा दिसत होता, एवढं समाधान मला आहे. जाण्याआधी त्यांनी टाकी माझ्या नावाने ठेवली होती, ओळखपत्रासकट. आता त्या कार्डावरचा फोटो झिजून गेलाय, नुसता खांद्याचा आकार उरलाय. मासा मात्र अजून आहे. इतकं जगतात हे, मला माहीत नव्हतं.

आज कुलर लावून झाला. सवयीने त्याचं तोंड टाकीकडे केलं आणि समोर बसले. मासा जरा धुरकट दिसला. काठाशी तर दिसेचना. वाटलं, घासायला हवं. कार्ड घेऊन उठले आणि हात पाण्यात घालून आधी काचेवरून बोट फिरवलं.

काच गुळगुळीत होती.

हात वर काढला. हातावरून खारं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मग कार्ड जागेवर ठेवलं, हात पुसला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून उद्याचीच वेळ घेतली.