धुक्यातली बाराखडी

मंडळी, आज शाळेत ऐकलेलं अजून कानांतून जात नाही.

मी मळवलीजवळच्या शाळेचा हेडमास्तर. अस्पृश्य म्हणून पडवीत बसवलेल्या सोनीला काल मी वर्गात घेतलं. आज गावानं एकही मूल धाडलं नाही. बाहेर दाट धुकं, आत आम्ही दोघंच.

सोनीनं बाराखडी वाचायला घेतली. ती ‘क’ म्हणाली आणि भिंतीपलीकडून बारीक आवाज आले, ‘क’. मग ‘का’.

अंगावर काटा आला. बाहेर गेलो, तर सगळं चिडीचूप. खिडकीखालचं गवत मात्र तुडवलेलं होतं.

“गुरुजी, घरची आत येऊ देत न्हाईत वर्गातल्या पोरास्नी,” सोनी हळूच म्हणाली. “मी मोठ्यानं वाचू का?”

ती वाचत राहिली आणि धुकं तिच्यामागून म्हणत राहिलं. उद्या त्यांतलं कुणी आत येईल? तुम्हांला काय वाटतं?